ओरलँडोच्या रांगेची तयारी पुण्यात

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: मुलगा आठ वर्षांचा, स्वमग्न, मोजकंच बोलतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या मामाकडे अमेरिकेला जाताय आणि मामाने ओरलँडोला डिस्ने वर्ल्ड आणि युनिव्हर्सल असा बेत ठरवलाय. बरोबर आजी आहेत, मामा-मामी आणि त्यांची दोन मुलं आहेत. कुणीतरी सांगितलं की अशा मुलांसाठी पास मिळतो, मग रांगच लागत नाही. तो पास कसा काढायचा, आपलं यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, तिथे चालेल का, आणि मुळात त्याला न्यावं की नाही, असं तुम्ही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: न्या, नक्की न्या. मी पुण्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि अशा सहलींच्या तयारीसाठी येणाऱ्या कुटुंबांबरोबर बरीच वर्षं काम करतेय. मुलाला घरी आजीकडे ठेवून बाकीच्यांनी जाऊन यायचं, हा पर्याय मला कधीच पटला नाही. पण ‘रांगच लागत नाही’ ही समजूत मनातून पूर्ण काढून टाका. तिच्या भरवशावर गेलेल्या आईवडिलांची पहिल्या दिवशी दुपारीच दमछाक होते.

डिस्नेच्या सोयीचं नाव डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस, सगळे डीएएस म्हणतात. ती ऑक्टोबर २०१३ मध्ये आली. त्याआधी ‘गेस्ट असिस्टन्स कार्ड’ होतं. ते दाखवलं की बऱ्याच राइडना दुसऱ्या दाराने जवळजवळ लगेच आत सोडत. त्याचा गैरवापर वाढला. न्यूयॉर्कमधली श्रीमंत कुटुंबं दिव्यांग व्यक्तींना पैसे देऊन ‘गाइड’ म्हणून सोबत नेतात, अशा बातम्या २०१३ मध्येच छापून आल्या आणि डिस्नेने पद्धत बदलली. आता मोबाइलच्या ॲपवर राइडची वेळ घ्यायची असते. बाहेरच्या पाटीवर सत्तर मिनिटांची रांग दाखवत असेल, तर तुम्हाला साधारण तासाभरानंतरची वेळ मिळते. तेवढा वेळ रांगेत उभं राहायचं नाही, बाहेर कुठेही थांबायचं. वेळ झाली की लाइटनिंग लेन नावाच्या छोट्या रांगेतून आत. त्या छोट्या रांगेतही थोडं थांबावं लागतंच. एका वेळी अशी एकाच राइडची वेळ हाती ठेवता येते. मिळालेल्या वेळेला थोडा उशीर झाला तरी बिघडत नाही, नंतर जाता येतं. आपल्या मुलांसाठी ही फार मोठी सवलत आहे.

म्हणजे थांबणं आहेच, फक्त ते रेलिंगच्या आत नाही. हे का ते समजावं म्हणून एक खटला सांगते. एका स्वमग्न तरुणाच्या आईने डिस्नेवर दावा लावला होता. तो तरुण पार्क ठरलेल्या क्रमानेच फिरायचा. क्रम मोडला किंवा मध्ये थांबावं लागलं की त्याला सहन व्हायचं नाही, म्हणून वेळ न देता थेट आत सोडा, अशी तिची मागणी होती. २०२० मध्ये फ्लोरिडातल्या संघराज्य न्यायालयाने डिस्नेच्या बाजूने निकाल दिला आणि २०२२ मध्ये अपिलातही तोच कायम राहिला. त्या आईचं दुःख मला पूर्ण कळतं. ठरलेला क्रम मोडल्यावर मुलाच्या अंगात काय उठतं हे रोज बघते मी. पण निकाल लागलाय, आणि आपल्याला त्याच चौकटीत तयारी करायची आहे.

आता पास कसा मिळतो ते. २०२४ च्या मे महिन्यात डिस्ने वर्ल्डने नियम आणखी कडक केले. ही सोय स्वमग्नता किंवा तशा विकासात्मक अडचणींमुळे नेहमीच्या रांगेत बराच वेळ थांबू न शकणाऱ्यांसाठीच आहे, असं त्यांनी स्पष्ट केलं. नोंदणी जाण्याआधीच व्हिडिओ कॉलवर होते आणि ज्याच्यासाठी पास हवा ती व्यक्ती कॉलवर हजर लागते. ओरलँडोत सकाळचे आठ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. कॉलसाठी ऑनलाइनही ताटकळावं लागतं, म्हणून त्यांची वेळ सुरू होताहोताच लावा. रात्री अकराला पेंगुळलेल्या मुलाला स्क्रीनसमोर धरून बसायची पाळी येऊ देऊ नका. त्याने बोलायची गरज नसते, तो शेजारी खेळत बसला तरी चालतं.

या कॉलवर डॉक्टरांची चिठ्ठी मागत नाहीत, यूडीआयडीही मागत नाहीत. ते एकच गोष्ट विचारतात: नेहमीच्या रांगेत थांबायला काय अडचण येते? इथे आपली माणसं हमखास दोन तऱ्हांनी अडकतात. काही जण निदानाचं नाव आणि आयसा या स्वमग्नतेच्या चाचणीचा स्कोअर सांगून गप्प बसतात. आणि काहींची जीभ, विशेषतः वडिलांची, आपोआप मुलाची बाजू घेते. ‘तसा तो खूप शांत आहे, हुशार आहे, गाणी सगळी पाठ आहेत.’ परक्यासमोर पोराचं वाईट कसं सांगायचं, हा संस्कार आपल्यात खोल आहे. समोरची बाई मात्र ते ऐकून म्हणते, छान, मग त्याला रांगेत काही अडचण नाही. स्वमग्नतेचं निदान असूनही डीएएस नाकारलं गेल्याच्या तक्रारी कमी नाहीत.

म्हणून कॉलच्या आधी कागदावर चार वाक्यं लिहून काढा, इंग्रजीत, आणि ती मोठ्याने म्हणून बघा. निदान एका वाक्यात, बाकी सगळं प्रत्यक्ष काय घडतं ते. दोन्ही बाजूंनी लोखंडी बार आणि मागेपुढे माणसं असली की तो किती मिनिटांनी अस्वस्थ होतो? मग काय करतो? त्या बारखालून निसटून पळतो का? अनोळखी माणसाचा धक्का लागला की स्वतःचा हात चावतो का? शांत व्हायला त्याला किती वेळ आणि कशी जागा लागते? जे खरं आहे तेच सांगा, एक अक्षर वाढवू नका. खोटं सांगितल्याचं आढळलं तर डिस्ने कायमची प्रवेशबंदी करू शकतं. खऱ्यात काही कमी करू नका, एवढंच माझं म्हणणं.

नाही म्हणाले तर तिथेच सगळं संपत नाही. रांगेतून मध्येच बाहेर पडून पुन्हा आपल्या माणसांना जाऊन मिळायची सोय आहे, ती मागा. म्हणजे मामा रांगेत उभा राहील आणि तुम्ही मुलाला घेऊन बाहेर थांबाल. ‘रायडर स्विच’ तर कुणालाही मिळतं: आधी एक मोठा माणूस राइड करून येतो, तोवर दुसरा मुलाजवळ, मग अदलाबदल, दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग नाही.

बरोबर कोण कोण येणार हे निघण्याआधी घरातच बोलून घ्या, कारण तिथे दारात वाईटपणा येतो. पासवर ज्याचं नाव त्याच्यासह चौघं, किंवा त्याचं सख्खं कुटुंब चौघांपेक्षा मोठं असेल तर तेवढं, अशी मर्यादा आहे. मामा-मामी आणि त्यांची मुलं सगळी त्यात बसणार नाहीत. आणि तुमच्या मुलाला त्या राइडमध्ये बसायचं नसेल तर त्याच्या पासवर बाकीच्यांना जाता येत नाही. मामाला हे आधी स्वच्छ सांगा. त्यांनी हवं तर लाइटनिंग लेनचं पैसे भरून मिळणारं तिकीट घ्यावं. दिवसभर सगळ्यांनी एकत्रच राहायचं हा आग्रह सोडलेला बरा, जेवायला भेटा.

आजींचे गुडघे दुखतात असं लिहिलंय. त्यांच्यासाठी डीएएस मिळणार नाही, व्हीलचेअर भाड्याने घ्या. तिथल्या बहुतेक रांगांमधून व्हीलचेअर जाते, म्हणून खुर्चीत बसलेला माणूसही सगळ्यांबरोबर रांगेतूनच जातो. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’सारख्या काही राइडमध्ये खुर्चीसकट नावेत बसता येतं, काहींमध्ये खुर्चीतून उठून गाडीत बसावं लागतं. आपल्याकडे चार पोरं धावत येतात आणि आजीला अलगद उचलून ठेवतात. तिथले कर्मचारी उचलत नाहीत, त्यांना ती परवानगीच नाही. हात द्यायचा तो घरच्यांनीच.

मुलासाठी एक कमी माहीत असलेली सोय सांगते. आठ वर्षांचा असला तरी त्याला बसता येईल अशी मोठी बाबागाडी घ्या आणि पार्कच्या गेस्ट रिलेशन्समध्ये जाऊन ती व्हीलचेअर म्हणून वापरायचा टॅग मागा. मग ती रांगेतही नेता येते. वरचं छत खाली ओढलं की त्याची स्वतःची छोटीशी खोली तयार होते. गाडी ३१ इंचांपेक्षा रुंद आणि ५२ इंचांपेक्षा लांब नको. ‘एवढा मोठा मुलगा गाडीत?’ असं तिथे कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी आपण ते मनावर घ्यायचं नाही.

युनिव्हर्सलची पद्धत वेगळी आहे आणि तिथे कागद लागतात. आयबीसीसीईएस या संस्थेच्या ॲक्सेसिबिलिटी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करायचा, सोबत वैद्यकीय कागद जोडायचा. भेटीच्या किमान ४८ तास आधी करायला सांगतात, तुम्ही पुण्याहून निघायच्या आधीच करून टाका. अर्जानंतर युनिव्हर्सलची माणसं संपर्क करून तुमची गरज विचारतात. तुमच्या डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनकडून इंग्रजीत अर्ध्या पानाचं पत्र घ्या. त्यात नुसतं निदान नको, रांगेतली अडचण लिहिलेली हवी. अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडीची प्रत बरोबर असू द्या, पण भिस्त पत्रावर ठेवा.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. पास मिळाला, तासाभरानंतरची वेळ मिळाली. तो तास कसा जाणार? ऊन आहे, पॉपकॉर्नचा वास आहे, कुठूनतरी मिरवणुकीचा आवाज येतोय, आणि समोर त्याला हवी असलेली राइड फिरताना दिसतेय. आठ वर्षांच्या मुलाला हे ‘नंतर’ कसं कळणार? पास त्याला रांगेतून बाहेर काढेल, पण हा तास त्याला पेलता यायला हवा, आणि ते आपण इथेच, पुण्यात शिकवायचं. तुमच्याकडे अजून काही महिने आहेत, भरपूर झाले.

घरापासून सुरू करा. ‘आधी–मग’ची पाटी, म्हणजे आधी काय आणि मग काय हे चित्रांनी दाखवणारी, तुमच्याकडे असेलच. तिच्यात मध्ये तिसरा चौकोन वाढवा: आधी, थांबायचं, मग. थांबायच्या चौकोनात थांबताना काय करायचं त्याचं चित्र हवं. रिकामा ‘थांब’ आपल्या मुलांना कळत नाही. आमच्याकडचा एक मुलगा थांबताना चाव्यांचा जुडगा मोजायचा, दुसरी एक मुलगी पाण्याच्या बाटलीतली चमकी खाली बसेपर्यंत बघत राहायची. तुमच्या मुलाचं काय ते शोधा. सोबत टायमर, लाल चकती हळूहळू कमी होत जाणारा. आकड्यांपेक्षा तो लवकर समजतो. दोन मिनिटांनी सुरू करा, वेळ संपताच कबूल केलेली गोष्ट लगेच, त्याच क्षणी द्या. पहिले काही आठवडे एकदाही शब्द फिरवू नका. ‘थांबलं की मिळतं’ यावर त्याचा विश्वास बसला की मिनिटं वाढवणं सोपं आहे.

मग बाहेर पडा. मेट्रो यासाठी उत्तम: पुढची गाडी किती मिनिटांत हे फलकावर दिसतं, गाडी येतेच, लिफ्ट आहे, आणि दुपारी गर्दी कमी असते. वनाजला चढा, दोन-तीन स्टेशनांनी उतरा, परतीच्या गाडीची वाट बघा. पेशवे पार्कातली फुलराणी सुरू असेल तेव्हा ती पुढची पायरी, कारण तिथे हवी असलेली गाडी समोर फिरताना दिसते आणि आपला नंबर यायचा असतो. ओरलँडोची हुबेहूब तालीम आहे ती, फक्त पंधरा मिनिटांत आटपणारी. एक फेरी सोडून द्या, शेजारी बसा, चाव्या मोजा, मग पुढच्या फेरीत बसा. रविवारी संध्याकाळी सारसबागेच्या गर्दीत सुरुवात करू नका, आठवड्यातला आडवार निवडा.

याच्या जोडीला ‘बंद’ शिकवायला हवं, आणि हे जवळजवळ सगळेच विसरतात. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी विजांसह पाऊस कोसळतो आणि वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड थांबवतात. वेळ हातात आहे, मूल तयार आहे, आणि दारावरचा माणूस म्हणतो ‘आत्ता नाही’. बहुतेक मोठे उद्रेक रांगेत होत नाहीत, ते या क्षणी होतात. राइडच्या चित्रावर लावता येईल असं लाल फुलीचं एक कार्ड करा, आणि त्याच्यामागे नेहमी दुसरं चित्र तयार ठेवा. आम्ही पालकांना सांगतो, कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, मुद्दाम बुधवारी न्या. निघताना काही सांगू नका असं मात्र नाही. घरीच दोन्ही चित्रं दाखवा: बंद असलं तर काय. फाटकाशी गेल्यावर कुलूप त्याच्या हाताने चाचपू द्या, फुली त्यालाच लावू द्या, आणि ठरलेल्या दुसऱ्या ठिकाणी लगेच चला. पहिल्या वेळी रडेल. रडू द्या, जवळ बसा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला फुली लावण्याचं काम त्याचं स्वतःचं होतं आणि रडणं आखूड होत जातं.

शेवटची तालीम खोपोलीजवळच्या इमॅजिकात करा. एक्सप्रेसवेने दीड-दोन तास, शाळा चालू असतानाचा मधला वार. तिथलं एक्सप्रेस तिकीट पैसे भरून कुणालाही मिळतं, त्याचा दिव्यांगत्वाशी संबंध नाही. जाण्याआधी फोन करून नेमकं विचारा: एक जण रांगेत थांबला आणि मूल शेवटी आलं तर चालेल का, शांत बसायला खोली आहे का, बाहेर जाऊन परत येता येईल का. ज्याने हो म्हटलं त्याचं नाव आणि वेळ टिपून ठेवा. सुरुवात लहान मुलांच्या सौम्य राइडने करा. डीप स्पेस ही अंधारातली रोलर कोस्टर आहे, आवाज आणि अंधार दोन्ही एकदम अंगावर येतात, तिच्यापासून लांब राहिलेलं बरं.

इथे आपल्या कायद्याबद्दलही बोलते, कारण भारतातल्या पार्कमध्ये गेलो की आपण विनवणीच्या सुरात बोलू लागतो. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, आणि जागा चालवणाऱ्यावर अवाजवी बोजा पडणार नाही असे आवश्यक बदल करून देणं, म्हणजे वाजवी सोय, ही संकल्पना त्याच्या व्याख्येतच आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतूडी खटल्यात सांगितलं की सुगम्यतेची, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता यावं यासाठीची मानकं ऐच्छिक असू शकत नाहीत, ती बंधनकारक हवीत. उंची कमी आहे, सेफ्टी बार नीट बसत नाही, या कारणाने नाही म्हणाले तर मुकाट ऐका, तो मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे. पण ‘अशा मुलांना आम्ही घेत नाही’ हे कारण होऊ शकत नाही. एका पार्कात आमच्या सेंटरच्या मुलाला हे वाक्य माझ्यादेखत ऐकवलं गेलंय. वडील मान खाली घालून निघाले होते. आम्ही व्यवस्थापकाला बोलावलं, कारण लेखी मागितलं, आणि लिहायची वेळ आल्यावर मुलाला आत घेतलं. आवाज चढवावा लागला नाही. तुमच्यावर वेळ आली तर लेखी मागा.

प्रत्यक्ष ओरलँडोतल्या दिवसांबद्दल थोडंच सांगते, बाकी तुम्ही मुलाला माझ्यापेक्षा जास्त ओळखता. पोहोचल्यावर दोन दिवस कुठेही जाऊ नका, साडेनऊ तासांचा फरक झोपेतून निघायला हवा. डिस्नेच्या हॉटेलात उतरलात तर पार्क अर्धा तास आधी उघडतो, आपल्या मुलांसाठी तो अर्धा तास सोन्यासारखा. कोणत्या राइडमध्ये अंधार, झगमग, मोठा आवाज, पाण्याचे शिंतोडे, वास आहे याची यादी डिस्ने स्वतः देतं, ती आधी बघून चित्रांचं वेळापत्रक करा आणि त्यात तीनच राइड ठेवा. कान झाकणारे हेडफोन इथूनच न्या, सवय झालेले. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून ‘एवढे डॉलर घातलेत’ हा हिशोब दुपारी डोकं वर काढतो. त्याला उत्तर म्हणून कोण मुलाला घेऊन हॉटेलवर परतणार हे सकाळीच ठरवून ठेवा. दोघांपैकी एक, आळीपाळीने, चर्चा न करता.

परतायचं ते उद्रेक झाल्यावर नाही, त्याच्या आधी. प्रत्येक मुलाची एक पहिली खूण असते: कुणी शर्टाची कॉलर चावतं, कुणी एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागतं, कुणी अचानक अगदी गप्प होतं. तुमच्या मुलाची खूण कोणती ते आठवडाभर नीट बघा आणि मामालाही सांगून ठेवा. कॉलसाठीची चार वाक्यं लिहून झाली की त्या खुणेसकट मला पाठवा, वाचून कळवते.